पांढऱ्या अक्षता

“वहिनी, कन्यादानाला मी मोरपंखी नेसू की चिंतामणी?”

बस डोंगर चढत होती. वळणावर वळणं येत होती आणि कुंदा माझ्या कानाशी लागून साड्यांचं विचारत होती. कुंदा म्हणजे माझी धाकटी जाऊ. लग्न माझ्या मुलीचं, ऋजुताचं. आणि कन्यादान करणार होते कुंदा नि तिचे यजमान, म्हणजे माझे दीर, अच्युत भावोजी. कारण काय, तर मी विधवा. विधवेनं मांडवात पाटावर बसायचं नसतं. तिनं मागं उभं राहून डोळे पुसायचे.

“मोरपंखी नेस,” मी म्हणाले. “तुला खुलून दिसते.”

“होय की नाही? मीही तेच म्हणत होते.” कुंदा खूश झाली आणि पिशवीतून भडंगाचा डबा काढून लागली वाटायला. मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर ऑलिव्हची झाडं होती, राखाडी, धूळ बसल्यासारखी.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं होतील. ऋजुता इटलीत जुन्या इमारतींच्या डागडुजीचं शिकायला गेली होती. शिक्षण संपलं, पदवी मिळायची होती, म्हणून आम्ही तिघं मिरजेहून तिच्याकडं गेलो होतो. परत आल्यावर मार्गशीर्षात तिचं लग्न. मुलगा सारंग, सांगलीचाच. पत्रिका छापायला जायच्या होत्या. कन्यादानाचं तर उन्हाळ्यातच ठरून गेलं होतं. भावोजी आले, चहा प्याले आणि म्हणाले, “वहिनी, तुम्ही काळजी करू नका, कन्यादान आम्ही करतो.” जसं काही मी काळजीच करत बसले होते! मी मूग गिळून गप्प बसले. दुकानात गिऱ्हाइकानं वायरच्या दरात घासाघीस केली तर त्याला दुकानाबाहेर काढणारी बाई मी, पण त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

दुकान म्हणजे बोडस इलेक्ट्रिकल्स. ऋजुता सातवीत होती तेव्हा हे गेले. चौदाव्या दिवशी मी शटर उघडलं. तेव्हाही लोक बोललेच. पण पंखा बिघडला की त्याच लोकांना माझ्याचकडं यावं लागायचं, त्यामुळं हळूहळू सगळे गप्प झाले. टिकली मी काढली नव्हती. ती काढायला मला कुणी सांगितलंही नाही, कारण माझ्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. फक्त हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. कुणी बोललं असतं तर मी भांडले असते. न आलेल्या बोलावण्याशी कसं भांडणार?

असो. तर बस त्या गावाच्या वेशीशी थांबली. गावाचं नाव मोंतेलुपारो. डोंगराच्या टोकावर, सगळं दगडी, भोवती तटबंदी. सातआठशे वर्षांपूर्वीचं गाव आणि अजून माणसं राहतात त्यात, वाळत घातलेल्या चड्ड्या-बनियनांसकट. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागं फिरावं लागेल.

“आता कार्यक्रम काय?” भावोजींनी घड्याळ बघितलं. बँकेतून निवृत्त झाले तरी त्यांच्या मनगटावरची बँक काही बंद झाली नव्हती.

“काही नाही, काका,” ऋजुता म्हणाली. “आज घाई नाही. चढायचं, बसायचं, खायचं, परत बसायचं.”

“नुसतं बसायला एवढ्या लांब यायचं? बसायला मिरजेत ओटा नव्हता का?”

“मिरजेच्या ओट्यावर तुम्ही कधी बसता?” ऋजुता हसली आणि काकाच्या हाताला धरून चढायला लागली. माझ्या लेकीची हीच तर कला. बोलायचं ते बोलते आणि वर हातही धरते.

अर्ध्या चढावर एक कॉफीचं दुकान लागलं. आम्ही बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. कॉफी आली ती बाहुलीच्या भातुकलीतल्या कपात. भावोजींनी एका घोटात संपवली आणि “बाकीची कुठाय?” म्हणून विचारलं. आम्ही हसत होतो, तेवढ्यात गल्लीच्या खालच्या टोकाला कालवा झाला. लोक खिडक्यांतून डोकावायला लागले.

नवरी येत होती.

पांढराशुभ्र झगा, मागं जमिनीवर लोळणारा घोळ, तो उचलून धरायला दोन मैत्रिणी. आणि नवरीचा हात धरून तिला चढवत आणणारी एक उंच, दणकट बाई. पिवळ्या रंगाचा पोशाख, डोक्यावर तिरकी टोपी, घामानं कपाळ डबडबलेलं. मधेच थांबायची, नवरीच्या पायातला बूट सारखा करायची, काहीतरी रागवायची, परत चालायची. आई होती हे सांगायला भाषा लागत नव्हती.

“च्च,” भावोजी हळहळले. “वडील नाहीत वाटतं बिचारीला.”

कुंदानंही च्च केलं.

“मला वाटायचं यांच्यात वडीलच नेतात मुलीला,” भावोजी म्हणाले. “सिनेमात तसंच असतं.”

ऋजुतानं कॉफीवाल्याला विचारलं. तो म्हातारा हात पुसत बाहेर आला नि हातवारे करत बराच वेळ बोलला. शेवटी स्वतःच्या गुडघ्यावर थापटी मारली. ऋजुता हसायला लागली.

“काय गं?” मी विचारलं.

“वडील आहेत म्हणे, चांगले ठणठणीत. फक्त गुडघे गेलेत. चढ चढवत नाही. म्हणून त्यांना मघाशीच टमटममधनं वर नेऊन ठेवलंय. आई घेऊन चाललीय.”

“पण तशी पद्धत आहे का यांच्यात? आईनं नेण्याची?” भावोजींना ते पटेना.

ऋजुतानं परत विचारलं. म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. त्यानं खांदे उडवले आणि दोन शब्द बोलून कप उचलून आत गेला.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, आई आहे की.”

कुंदानं डबा पुढं केला, “घ्या हो भडंग, मऊ पडेल.” विषय तिथंच संपला. त्यांच्यापुरता. माझ्या डोक्यात मात्र ते दोन शब्द जाऊन बसले ते बसलेच. गुडघे दुखतात एवढं कारण इथं पुरतं! बाप जिवंत आहे, आणि तरी आई नेते. माझ्या मुलीचा बाप नाही, आणि तरी मी न्यायचं नाही. हा कुठला हिशेब? पुढचा सगळा चढ मी हेच चघळत चढले. दम लागला की काय, पण माझा ऊर फुटायला आला होता.

वर चौक होता. मधे जुनी विहीर, तिच्यावर जाळी, एका बाजूला चर्च. चर्चचं दार बंद, आत लग्न चाललेलं. दाराशी ती टमटम उभी होती, आपल्याकडं असते तश्शीच तीनचाकी, फक्त हिच्या हँडलला फुलं बांधलेली. आम्ही विहिरीच्या कट्ट्यावर बसलो. कुंदानं धपाटे काढले, लसणाची चटणी काढली. चौकातलं एक मांजर येऊन चटणीचा वास घेऊन निघून गेलं. ऊन कोवळं होतं. खरं सांगायचं तर इतकं निवांत मी कित्येक वर्षांत बसले नव्हते. भावोजींनासुद्धा डुलकी लागली.

मग एक आजीबाई टोपली घेऊन आल्या. चौकातल्या एकेकाच्या हातात कागदाचा द्रोण देत होत्या, शेंगदाण्याच्या पुडीसारखा. ओळखीचा-परका बघत नव्हत्या. आमच्याही हातात चार द्रोण आले. मी उघडून बघितला तर आत तांदूळ.

“अगंबाई! अक्षता!” कुंदा उडालीच.

“होय,” ऋजुता म्हणाली. “जोडी बाहेर आली की टाकतात. आपल्यासारखंच.”

“बघा! म्हणजे आपल्याकडनंच गेलंय हे.” भावोजी जागे झाले होते. सगळं जग आपल्याकडनंच गेलंय असं त्यांचं मत आहे.

कुंदानं द्रोणात बोट घातलं आणि तोंड वाकडं केलं. “पण अशा पांढऱ्या फटक? कुंकू नाही, हळद नाही. मेलं, मंगलकार्यात पांढऱ्या अक्षता टाकायच्या?”

“काकू, त्यांच्यात तसंच असतं,” ऋजुता म्हणाली.

“असू दे त्यांच्यात. आपल्या हातनं अशुभ नको.” आणि कुंदानं पर्समधून कुंकवाची डबी काढली. ती कुठंही गेली तरी ही डबी तिच्याजवळ असतेच. तांदूळ तळहातावर घेतले, चिमूटभर कुंकू घातलं, बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि छान चोळून लालभडक केले. पहिले स्वतःचे, मग भावोजींचे. ऋजुता डोकं हलवत तिच्या ओळखीच्या कुणाशी तरी बोलायला पलीकडं गेली.

मी माझा द्रोण पुढं केला.

कुंदाचा हात थांबला. “तुमच्या... राहू देत की तशाच, वहिनी.”

“का?”

“नाही म्हणजे...” तिनं नवऱ्याकडं बघितलं. भावोजी घड्याळ बघत होते. “आणि जरा मागं उभ्या राहा हं. नवरीची पहिली नजर सवाष्णीवर पडलेली बरी. परक्यांची असली तरी लेकच ती कुणाची तरी.”

वाईट बुद्धीनं बोलली नाही ती. हे मला आजही ठाऊक आहे. अगदी मायेनं, दुधावरची साय वाढावी तसं बोलली. म्हणून तर जास्त लागलं. मिरज कुठं, हा डोंगर कुठं! इथं मला काळं कुत्रं ओळखत नाही, माझा नवरा आहे की गेला हे चर्चमधल्या देवालासुद्धा ठाऊक नाही, आणि इथंही माझी जागा मागंच?

आणि तरी मी मागं झाले. सवय वाईट असते. पाय आपोआप मागं गेले, विहिरीच्या पलीकडं.

घंटा वाजायला लागल्या. दार उघडलं. गलका झाला. नवरा-नवरी उन्हात आली, डोळे बारीक करून हसत. चारी बाजूंनी तांदूळ उडाले. पोरंबाळं, म्हातारे, बायका, सगळे ओरडत होते. माझ्यापुढं माणसांची भिंत. माझ्या मुठीत तांदूळ, आणि ते पोचणार कुठं, तर पुढच्याच्या टकलावर.

मला काय झालं कोण जाणे. मी कोपर मारलं. हो, चक्क कोपर मारलं एका धिप्पाड माणसाला, आणि घुसले. रेशनच्या रांगेत शिकलेलं फुकट जात नाही. पार पुढं, नवरीच्या समोर जाऊन उभी राहिले, तिच्या डोळ्यात बघितलं आणि ओंजळ भरून तांदूळ तिच्या डोक्यावर टाकले. “सुखी राहा गं बाई,” मी मोठ्यानं म्हणाले. तिला काय कळलं असेल ते असो, पण तिनं माझ्याकडं बघून मान डोलावली. शेजारी कुंदा आणि भावोजीही होते. त्यांनीही अक्षता टाकल्या.

आणि मग गलका एकदम उतरला.

नवरीच्या खांद्यावर, छातीवर, पांढऱ्या झग्यावर लाल ठिपके उठले होते. ओलं कुंकूच ते. एकेक दाणा चिकटला होता आणि रंग खाली ओघळला होता. नवरीनं हात लावला तर बोटंही लाल झाली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

पिवळ्या पोशाखातली आई गर्दी फाडत आली. तिनं ठिपके बघितले आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. कुणी टाकलं हे, असंच विचारत असणार. लोक एकमेकांकडं बघायला लागले.

कुंदाचा चेहरा पडला होता. भावोजी हळूच म्हणाले, “चला, चला, निघू या इथनं.” आणि कुंदा माझ्याकडं वळली, रडकुंडीला येऊन, आणि म्हणाली:

“तरी मी सांगत होते, वहिनी, पुढं येऊ नका म्हणून!”

क्षणभर मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली.

“काय म्हणालीस?”

“शुभकार्यात आपण आपलं जपून राहावं. बघा आता काय झालं ते!”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी तिचं मनगट धरलं आणि तिचा तळहात तिच्याच डोळ्यासमोर धरला. तो लालभडक होता. मग शेजारी माझा हात धरला. त्यावर तांदळाची पांढरी भुकटी होती, बाकी काही नाही.

“बघ,” मी म्हणाले. “नीट बघ. कुणाच्या हातानं काय झालं?”

तिनं हात सोडवून घेतला. भावोजी तिला ओढून गर्दीमागं नेत होते. आणि ती बाई अजून विचारतच होती, एकेकाचा हात धरून. मला दिसलं की कुंदा आता सापडणार आणि भर चौकात तिची शोभा होणार. मी पुढं झाले आणि छातीवर हात ठेवला.

“आम्ही टाकलं,” मी म्हणाले. “आमच्या घरचं आहे ते. ऋजुता, इकडं ये, सांग हिला. हे कुंकू आहे. आमच्यात याच्याशिवाय लग्न लागत नाही. डाग पडला त्याचं वाईट वाटतं, पण मनात खोट नव्हती.”

ऋजुता धावत आली, तिनं सांगितलं. बाई काही विरघळली वगैरे नाही. तिनं मला चांगलं फैलावर घेतलं, आणि का घेऊ नये? तिच्या लेकीचा झगा होता. मी मान खाली न घालता सगळं ऐकून घेतलं. मग टमटमच्या सीटवरून एक जाडजूड गृहस्थ काठी आपटत ओरडले आणि सगळा चौक हसला.

“वडील म्हणतात, रडताय काय, संध्याकाळपर्यंत वाईन सांडणारच होती,” ऋजुतानं मला सांगितलं.

नवरीही हसली. आईनं नवऱ्याकडं एक जळजळीत कटाक्ष टाकला, मग लेकीच्या खांद्यावरचे लाल दाणे एकेक करून टिपले. शेवटचा टिपताना माझ्याकडं बघून मान हलवली. माफ केलं नाही, पण भांडण मिटलं. आई होती, तिला वरात पुढं न्यायची होती.

वरात गेली. चौक रिकामा झाला. फरशीवर सगळीकडं तांदूळ, आणि कबुतरं उतरली होती. आम्ही चौघं तटबंदीच्या कठड्याशी जाऊन बसलो. खाली दरी, दरीत द्राक्षांचे मळे, आणि बसला अजून अवकाश होता.

“ऐका,” मी म्हणाले. “ऋजुताचं कन्यादान मी करणार.”

भावोजींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही उन्हानं माझं डोकं फिरलं असावं. “वहिनी, हा काय विषय आहे आत्ता?”

“आत्ताच आहे. उन्हाळ्यातच काढायला हवा होता.”

“अहो, ठरलंय ते!”

“तुमचं ठरलंय. मला कुणी विचारलं होतं?”

“तुम्ही नाही कुठं म्हणालात?”

“आता म्हणते. नाही.”

“गुरुजी तयार होणार नाहीत.”

“गुरुजी बदलू.”

“लोक काय म्हणतील?”

“मी दुकान उघडलं तेव्हा म्हणाले तेच म्हणतील. आणि मग जेवायला बसतील.”

भावोजी उभे राहिले. त्यांचा आवाज चढला. “दादा गेल्यावर मी बापाच्या जागी उभा राहिलो नाही? तिच्या शाळेला गेलो, तिच्या प्रवेशाला धावलो, विसरलात?”

“नाही विसरले. जन्मात विसरणार नाही. तुम्ही काका म्हणून केलंत आणि उत्तम केलंत. पण भावोजी, तिच्या तापात रात्रभर मी बसले. दुकानाच्या काउंटरखाली गोणपाटावर तिचा अभ्यास मी घेतला. तिला इथं पाठवताना सगळं गाव नको म्हणत होतं, तेव्हा हो मी म्हणाले. आणि आता तिचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली तर मी मागं उभी राहू? का? मी कुणाचं घोडं मारलंय?”

“आई...” ऋजुता म्हणाली. “खरं तर मला कुणी दान करावं हेच मला...”

“तू गप्प बस. तुझी मतं आपण मिरजेला गेल्यावर बघू.”

ती गप्प बसली, पण गालातल्या गालात हसत माझ्याजवळ सरकली.

“अहो, पण करणार कसं?” भावोजी आता मुद्द्यावर आले. “दोघं लागतात त्याला. एकाची ओंजळ, दुसऱ्यानं पाण्याची धार धरायची. ती धार तुटता कामा नये. एकटी बाई पाटावर बसून काय काय करणार?”

कन्यादानाला बापाच्या ओंजळीतून जावयाच्या ओंजळीत पाणी सोडतात आणि ती धार शेजारी बसलेली आई धरते. बरोबर होतं त्यांचं. माझे हात दोनच होते.

“दात वापरीन,” मी म्हणाले. “पण बसेन मीच.”

तेव्हा कुंदा रडायला लागली. मुसमुसत नाही, हुंदके देऊन. “मला लेक नाही, वहिनी,” ती म्हणाली. “दोन्ही मुलगेच. मला वाटलं, ऋजूच्या निमित्तानं एकदा तरी... ती साडी मी किती हौसेनं घेतली होती.”

हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका घरातल्या सुना आम्ही, आणि हे तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला भडभडून आलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पण शब्द मागं घेतला नाही. दुसऱ्याचं दुःख खरं असलं म्हणून आपलं खोटं होत नाही.

“साडी नेस तू,” मी म्हणाले. “मोरपंखीच नेस. पण पाट माझा.”

भावोजींनी कठड्यावरची पिशवी उचलली. “तुम्ही पाटावर बसलात तर आम्ही मांडवात येणार नाही. हे लक्षात ठेवा.”

“ठेवलं,” मी म्हणाले.

उतरताना कॉफीवाल्यानं हात केला तेव्हा उलटा हात करणारी मी एकटीच.

मिरजेला आल्यावर व्हायचं ते सगळं झालं. आमच्या घरच्या गुरुजींनी कानावर हात ठेवले. मग सांगलीच्या एक पुरोहित बाई मिळाल्या, ठसठशीत आवाजाच्या. त्या म्हणाल्या, “आई बसते म्हणते आणि कोण अडवतंय? पाट मांडा.” सारंगच्या आईवडिलांनी फक्त एवढंच विचारलं की जेवायला किती माणसं. भावोजींचं घर मात्र बंद. मी स्वतः आमंत्रणाची अक्षत घेऊन गेले तर कुंदानं दार उघडलं, अक्षत घेतली, आणि आतून हाक आली म्हणून दार लोटून घेतलं.

लग्नाच्या दिवशी मी पिवळी पैठणी नेसले. होय, पिवळी. कार्यालयात मान वळवून बघणाऱ्या बायका बऱ्याच होत्या, त्यांना मी बघू दिलं. मुहूर्ताच्या थोडं आधी भावोजी आले. शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसले, नुसता नमस्कारसुद्धा न करता. शेजारी कुंदा, मोरपंखीत. निदान आले एवढं मला पुष्कळ होतं.

कन्यादानाला मी पाटावर बसले. शेजारचा पाट रिकामा होता. तो काढायला मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी काढलाही नव्हता. समोर ऋजुता नि सारंग. मी ओंजळ धरली. पुरोहित बाईंनी पाण्याची झारी उचलली, माझ्याकडं बघितलं, मग रिकाम्या पाटाकडं.

“धार कोण धरतंय?” त्यांनी विचारलं.

मी भाचीला सांगून ठेवलं होतं, पण ती कुठं तरी फोटोत अडकली होती. मागं कुणी तरी खाकरलं. ऋजुता माझ्याकडं बघत होती. माझे दोन्ही हात गुंतलेले. ओंजळ मात्र मी सोडली नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग पावलं. मोरपंखी काठ माझ्या डोळ्यासमोरून गेला आणि कुंदा त्या रिकाम्या पाटावर बसली. पदर खोचला, झारी हातात घेतली.

“सरका जरा, वहिनी,” ती म्हणाली. “पाणी सांडेल.”

शेवटच्या रांगेतून भावोजींचा आवाज आला, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा. “कुंदा! इकडं येऊन बस.”

कुंदानं मान वर केली नाही. तिनं झारी तिरकी केली. पाणी माझ्या ओंजळीत पडलं, सारंगच्या ओंजळीत गेलं, तिथून ऋजुताच्या.

“येते,” ती म्हणाली. “एवढी धार होऊ दे.”